सात कपांची बातमी आणि मी

मंगळवार, दिनांक २ एप्रिल १९५७. सकाळी साडेसात वाजता जामच्या चौकातील एका हॉटेलाच्या मागील भिंतीतल्या कोनाड्यात कान तुटलेले सात कप होते.

मित्रांनो, या वाक्यात शिवी नाही, आरोप नाही, उपदेशही नाही. तरीही ते छापले जाऊ नये म्हणून एक हॉटेलमालक, एक हेडमास्तर आणि एप्रिलचे ऊन असे तिघे एकाच आठवड्यात आडवे आले. ते वाक्य छापले गेले, आणि ते मी छापले. त्याबद्दल कोणी मला माफी मागायला सांगितली, तर मी मागणार नाही.

मी एक जुना शाईचा रूळ आहे. हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा, अंगावर काळ्या रबराचे कातडे चढवलेला. ज्या यंत्राचा मी भाग आहे त्याला लोक सायक्लोस्टाईल म्हणतात. यंत्र म्हणजे तरी काय, एक लाकडी पाट आणि त्याला बिजागरीने जोडलेली रेशमी जाळीची चौकट. मेणकागदावर टोकदार लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची, तो कागद जाळीखाली चिकटवायचा, पाटावर कोरा कागद ठेवून चौकट मिटायची, आणि मग मला शाई लावून वरून एकदाच, सारख्या दाबाने फिरवायचे. जिथे मेण खरवडलेले असते तिथूनच शाई खाली उतरते. मी स्वतःचे काही मिसळू शकत नाही. कोरलेले लपवूही शकत नाही.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून नागपूरच्या दुकानात, आणि दुकानातून वर्ध्याच्या एका संस्थेच्या कचेरीत मी आलो. त्या कचेरीत मी सभांची इतिवृत्ते छापत असे. ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली,’ हे वाक्य मी इतक्या वेळा छापले की ते माझ्या रबराला पाठ झाले होते. एका सभेनंतर कचेरीत दोन खुर्च्यांचे पाय सुताराकडे पाठवावे लागले. सभेत काय घडले ते मी पाहिलेले नाही, म्हणून सांगत नाही. खुर्च्या मात्र मी पाहिल्या. त्याही सभेचे इतिवृत्त खेळीमेळीचेच होते. कारकून माझ्या मुठीला धरून हसत होता.

पुढे कचेरीने दांडा फिरवून चालणारे मोठे यंत्र घेतले, आणि मला चौकटीसकट जाम या गावच्या शाळेला देऊन टाकले. देताना एक छोटा समारंभही झाला. कचेरीला नको असलेली वस्तू होती, पण भाषणात ती ‘मौलिक देणगी’ झाली.

जामची शाळा चौकापासून हाकेच्या अंतरावर होती. नागपूर, हिंगणघाट आणि चांदा अशा तिन्ही दिशांच्या मोटारी या चौकात थांबत. ड्रायव्हर चहा पीत, उतारू पाय मोकळे करत, आणि जिल्ह्यातल्या साऱ्या खऱ्याखोट्या गोष्टी या चौकात चहाबरोबर उकळत. शाळेत किसनराव नावाचे मराठीचे शिक्षक होते. त्यांनी तरुणपणी नागपुरात एका दैनिकात काम केले होते. त्यांनी मला पाहिले, माझे रबर अंगठ्याने दाबून तपासले, आणि वरच्या वर्गांतील मुलांना सांगितले की आपण पंधरा दिवसांनी एक वार्तापत्र काढू. नाव ठेवले ‘चौफुली’.

मुलांना वाटले, आता निबंधच लिहायचे आणि खाली नाव छापून आणायचे. किसनरावांनी तो समज पहिल्याच आठवड्यात मोडला. त्यांनी सगळ्यांना चौकात नेऊन उभे केले, परत आणले आणि काय पाहिले ते लिहायला लावले. गुलाब नावाचा एक हुशार, बोलका मुलगा होता. त्याने लिहिले, ‘चौकात प्रचंड गर्दी उसळली होती.’

किसनराव म्हणाले, “तू कुठे उभा होतास?”

गुलाबने सांगितले, नागपूरच्या मोटारीजवळ.

“किती माणसे उतरली?”

गुलाबने डोके खाजवले आणि म्हणाला, “सर, अकरा. पन त्यात एक बाई लय मोठी होती.”

वर्ग हसला. किसनरावही हसले, आणि त्यांनी ‘प्रचंड’ खोडून ‘अकरा’ लिहिले. तेव्हापासून ‘तू कुठे उभा होतास’ हा त्या वर्गातला पहिला प्रश्न ठरला. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे हे सहा प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिले खरे, पण त्यांच्या आधी हा सातवा. पाहिलेले असेल तर ‘पाहिले’ लिहा, ऐकलेले असेल तर कोणाकडून ऐकले त्याचे नाव लिहा, आणि दोन्ही नसेल तर पाटी पुसा. बातमीच्या शेवटी ती पाहणाऱ्याचे नाव आणि वरती तारीख. तारखेशिवाय लिहिलेली ती गोष्ट, बातमी नव्हे, असे ते म्हणत. या शिस्तीत गुलाबचा दहा हात लांब साप दोरीने मोजल्यावर साडेतीन हातांचा झाला, आणि गुलाब दोन दिवस सापावर रुसला.

पण त्यांचा सर्वांत कडक नियम वेगळाच होता. ज्याच्याविषयी लिहाल, त्याच्या तोंडावर ते आधी वाचून दाखवायचे. जे तोंडावर वाचवत नाही, ते छापायचे नाही. आणि वाचून दाखवल्यावर तो जे उत्तर देईल, ते त्याच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता, खाली छापायचे. हा नियम किती धारदार आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही.

आता ताराचंदांविषयी सांगायला हवे. चौकातील पाच हॉटेलांपैकी सर्वांत मोठे हॉटेल त्यांचे. ते शाळेच्या समितीचे सभासद होते. शाळेचे छप्पर टिनाचे. आमच्याकडे होळीनंतर टिनाखाली काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. आणि मेणकागद हा शेवटी मेणाचाच कागद. उन्हाने मेण मऊ पडते, कोरलेल्या रेषा रुंदावतात, अक्षरांची पोटे शाईने भरतात आणि पान म्हणजे नुसता डाग होतो. म्हणून उन्हाळ्यात ताराचंदांनी हॉटेलामागची एक खोली आम्हांला वापरायला दिली होती. जाड मातीच्या भिंती, एक लहान खिडकी, कोपऱ्यात रांजण. मेणकागदांचा डबा रांजणाला टेकून ठेवला की दुपारीही कागद ताठ राहत. माणूस उदार होता, हे मी नाकारणार नाही. त्या उदारपणाची नोंद ‘चौफुली’च्या प्रत्येक अंकात तळाशी, जाड अक्षरांत व्हावी असा त्यांचा आग्रह होता, हेही तितकेच खरे.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, आणि सगळ्या मुलांना त्याच एका विषयावर लिहायचे होते. कमलाने मात्र दुसरेच काही लिहून आणले. कमला दहावीत होती. तिचे वडील रामाजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत. मागच्या ऑक्टोबरात ते घरातल्या सगळ्यांना घेऊन नागपूरला गेले होते, आणि बौद्ध होऊन परतले होते. तेव्हापासून त्यांनी काही गोष्टी सोडल्या. त्यांतली एक होती, हॉटेलाच्या कोनाड्यातला कप.

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, रामाजी आणि कमला ताराचंदांच्या हॉटेलात चहा प्यायला गेले. पुढचे मी ऐकलेले आहे, कमलाकडून. रामाजींनी चहा मागितला. गल्ल्यावरून ताराचंदांनी अंगठ्याने मागच्या कोनाड्याकडे खूण केली. त्या कोनाड्यात वेगळे कप असत. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतल्या माणसाने तिथला कप स्वतः उचलायचा, त्यात वरून चहा ओतून घ्यायचा, आणि पिऊन झाल्यावर स्वतःच विसळून परत ठेवायचा. वर्षानुवर्षे हेच चालले होते. रामाजी म्हणाले, आम्ही आता त्या कपात पीत नाही. ताराचंद म्हणाले, मग राहू दे. दोघे चहा न पिता परत निघाले. निघण्यापूर्वी कमलाने कप मोजले.

तिने लिहून आणलेली दोन पाने किसनरावांनी माझ्यासमोर वाचली. त्यांत ‘नीच’ होते, ‘काळीज फाटले’ होते, ‘माणुसकीला काळिमा’ होता. किसनरावांनी लाल पेन्सिल घेतली आणि एकेक करून सगळे काढले. चार वाक्ये उरली. कमलाचे तोंड लाल झाले होते.

ती म्हणाली, “सर, माहा राग कुठी गेला मंग?”

“त्या सातच्या आकड्यात आहे,” किसनराव म्हणाले. “वाचणारा तो काढून घेईल. तू त्याच्या घशात घालू नकोस.”

मग ते म्हणाले की एका हॉटेलावरून चौक ठरत नाही, बाकीचीही पाहा. गुलाब आणि कमला उरलेल्या चार हॉटेलांत जाऊन आली. तिघांकडे वेगळे कप होते, आणि तिघांचे उत्तर एकच होते की सगळेच ठेवतात. पाचवे दुकान सुलोचनाबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेचे. तिच्याकडे वेगळे कप नव्हते. का नाहीत असे विचारल्यावर ती म्हणाली, “माह्याजवळ समदे मिळून सहा कप हायेत बाप्पा. त्यात वेगळे काहाचे काढू?” हेही उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले गेले.

गुरुवारी दुपारी त्या थंड खोलीत ताराचंदांना बातमी वाचून दाखवायची होती. मी पाटावर पडून होतो, म्हणून हे मी स्वतः पाहिले आहे. कमला उभी राहिली. तिने कागद दोन्ही हातांनी समोर धरला आणि वाचला. चार वाक्ये. ताराचंद आधी हसले.

“अरे पोरी, तुले कोन शिकवून राह्यला हे?”

“सर शिकवून राह्यले,” कमला म्हणाली. “पन कप म्या पाह्यले.”

किसनरावांनी उत्तर मागितले. ताराचंदांनी पानाचा विडा गालात सरकवला, आणि उद्या या, विचार करून सांगतो, असे म्हणून ते उठले.

मित्रांनो, आमच्या नियमाने त्यांना एक रात्र दिली. त्यांनी ती वाया घालवली नाही.

शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना बोलावले. किसनराव आले, कमला आणि गुलाब आले, आणि ताराचंदांच्या निरोपावरून हेडमास्तर बापूजीही आले. ताराचंदांनी त्यांना आधी हॉटेलात नेऊन कोनाडा दाखवला. मग सगळे आमच्या खोलीत आले, आणि काय दिसले ते मला त्यांच्या बोलण्यातून कळले. कोनाड्याला चुना दिलेला होता. कप नव्हते. मध्यभागी एक पितळी समई ठेवलेली होती. ताराचंद म्हणाले की आता तुमची बातमी खोटी ठरली. खोटे छापणार असाल तर छापा.

बापूजींनी सुस्कारा सोडला. ते भले गृहस्थ होते, आणि भल्या गृहस्थांना सुस्कारा सोडण्याची संधी फार आवडते. गुलाब तर खूशच झाला. त्याचे म्हणणे असे की आपल्याला कप हटवायचे होते, ते हटले, मग छापायचे कशाला? काम न छापताच झाले. त्याचे बोलणे मलाही क्षणभर पटले, हे मी लपवत नाही. मंगळवारी खरी असलेली बातमी शुक्रवारी खरी राहते का? या प्रश्नाने भल्या भल्या वृत्तपत्रांना घाम फुटतो. मी तर रबराचा रूळ.

कमलाने ताराचंदांना एकच प्रश्न विचारला.

“शेटजी, कप कुठी गेले?”

इथे मित्रांनो, नीट ऐका. ताराचंद ‘कप नव्हतेच’ असे म्हणू शकले असते. मग रामाजी आणि कमला यांच्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द उभा राहिला असता, आणि चौकात कोणाचा शब्द जड ठरतो ते सगळ्यांना माहीत होते. पण हा माणूस चांगले काम मुकाट्याने करणाऱ्यांपैकी नव्हता. त्याचे नाव तळाशी जाड अक्षरांत लागत असे.

“फोडले,” ते छाती काढून म्हणाले. “म्या सोता फोडले, माह्या हातानं. समितीत हाओ आमी, पुढारलेले लोक हाओ. हे छाप तू. लिही, ताराचंदनं काल सातही कप फोडले. पूरे के पूरे.”

कमलाने लिहिले. नियमाप्रमाणे लगेच त्यांच्या तोंडावर वाचून दाखवले, ‘मी काल सातही कप माझ्या हाताने फोडले,’ आणि विचारले, बरोबर आहे ना? ते म्हणाले, बरोबर. तिने वर तारीख घातली, ५ एप्रिल.

मग म्हणाली, “हे खाली येईन. वर मंगळवारचं.”

 मग ताराचंदांचा आवाज चढला. वरचे काढायचे, खालचे तेवढे ठेवायचे, असे त्यांनी बजावले.

“वरचं काढलं तं तुमी काय फोडलं हे लोकायले कसं समजन?” कमला म्हणाली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते, आणि म्हणूनच ते बोलणे इतके बोचले.

बापूजी मध्ये पडले. त्यांनी एक तोड सुचवली. बातमी छापावी, पण हॉटेलाचे नाव नको, तारीख नको, आणि मुलीचे नावही नको. ‘एका गावी एका हॉटेलात पूर्वी अशी प्रथा होती, ती आता बंद झाली,’ असे छान लिहावे. कोणाला दुखवणार नाही, आणि बोधही मिळेल. ते अगदी मायेने बोलत होते. कमलाच्या डोक्यावर त्यांनी हातही ठेवला. पोरी, तुझी पुढच्या वर्षी मॅट्रिक आहे, समितीत यांचे वजन आहे, हे त्यांनी उघड सांगितले नाही. हाताच्या वजनाने सांगितले.

 किसनरावांनी कमलाकडे पाहिले. बातमी तिची होती.

ती म्हणाली, “सर, तिथी मी उभी होती. माहं नाव काढलं तं तिथी कोनी उभंच नव्हतं असं होईन. आन् तारीख काढली तं ते कधी झालंच नाई असं होईन. मंग यायनं फोडलं काय?”

ताराचंदांनी हात जोडले, पण नमस्कारासाठी नव्हे. या खोलीत यापुढे तुमचे काम होणार नाही, सामान उचला, असे ते म्हणाले. खोली त्यांची होती. त्यांच्या अधिकाराविषयी माझी तक्रार नाही. पण मी त्यांच्या खोलीत राहिलो म्हणून मी त्यांचा झालो, असे त्यांना वाटले असेल, तर तो हिशेब चुकीचा होता. ज्याच्या छपराखाली बसलो त्याच्या सोयीचे छापायचे, हा धडा मी वर्ध्याच्या कचेरीत पुरेसा गिरवला होता. तो मला पुन्हा गिरवायचा नव्हता.

गुलाबने चौकट डोक्यावर घेतली आणि कमलाने मला पिशवीत घातले. जाता जाता गुलाब म्हणाला, “कमले, माह्या सापासाठी अशी अडून काऊन नाई बसली तू?” ती पहिल्यांदा हसली. थोड्या वेळापूर्वी न छापण्याच्या बाजूने असलेला हा मुलगा तिच्याबरोबर का निघाला, हे त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. बापूजी मागे राहिले होते. ते किसनरावांना एवढेच म्हणाले की मी आता सोमवारी शाळेत येईन, तोवर शाळेत काय झाले ते मला माहीत नसेल. भला माणूस इतपत धीट होऊ शकतो, हे मला त्या दिवशी समजले.

शनिवारी कमलाने आपल्या घराच्या ओसरीवर नवा मेणकागद कोरला. वर मंगळवारचे, खाली शुक्रवारचे. बाजूला उरलेली चार हॉटेले, सुलोचनाबाईंच्या सहा कपांसह. मेणकागदावर चूक झाली तर ती लपत नाही, म्हणून ती एकेक अक्षर कोरताना श्वास धरीत होती. रामाजी बाजूला बसून विडी ओढत होते. त्या मंगळवारपासून ते त्या प्रकाराविषयी एक शब्दही बोलले नव्हते. मुलीने काय लिहिले तेही त्यांनी विचारले नाही. कोरलेला कागद त्यांनीच ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाजवळ ठेवला.

रविवारी पहाटे उजाडताच शाळेत छपाई सुरू झाली. किसनराव कागद ठेवीत, गुलाब चौकट मिटी, कमला मला फिरवी. पहाटेच्या गारव्यात पहिल्या शंभर प्रती सुरेख निघाल्या. प्रत्येक अक्षर आपल्या कडांच्या आत उभे होते. मी माझ्या आयुष्यात इतके चांगले काम पूर्वी कधी केले नव्हते, आणि हे मी अभिमानाने सांगतो.

मग सूर्य टिनावर आला.

आधी टिन तडतडले. मग खोलीत भट्टीचा वास भरला. माझे रबर चिकट होऊ लागले, शाई पातळ झाली. एका प्रतीवर ‘सात’ या आकड्याची रेष किंचित जाड उमटली. पुढच्या प्रतीवर आणखी जाड. किसनरावांनी प्रत उजेडाकडे धरली. मेण मऊ पडत होते. आणखी पाच-दहा प्रती, आणि तो आकडा भरून जाऊन नुसता काळा ठिपका उरणार होता. दुसरा मेणकागद नव्हता. आणि सात ऐवजी ठिपका छापून चौकात वाटणे म्हणजे बापूजींचे ‘एका गावी’ छापण्यासारखेच होते.

तेवढ्यात डोक्यावर धाडकन आवाज झाला. टिनावर पाणी पडले होते. पुन्हा पडले. टिन फुसफुसले, पन्हाळीतून वाफाळलेली धार खाली आली. कमला दाराकडे धावली आणि तिने वर पाहिले. रामाजी छपरावर चढले होते. शाळेच्या विहिरीतून पाणी काढायचे, शिडीने वर न्यायचे आणि टिनावर ओतायचे, असे ते एकटेच करीत होते. अंगातले बंडीचे कापड भिजून पाठीला चिकटले होते. गुलाबही बादली घेऊन धावला.

कमला म्हणाली, “बाबा, पाय भाजन.”

“तू आपलं काम कर,” वरून उत्तर आले. “पानी हाये विहिरीत.”

त्या सकाळी त्यांचे बोलणे तेवढेच झाले. आम्ही काम केले. छपराखाली गार वारा आला असे मी म्हणणार नाही. पण मेण धरून राहिले. रेषा जाड झाल्या, फुटल्या नाहीत. शेवटच्या प्रतीपर्यंत ‘सात’ हा सातच राहिला.

मंगळवारी बाजारात ‘चौफुली’ वाटली गेली. त्यानंतर चौकात जे झाले ते मी पाहिलेले नाही. गुलाबने किसनरावांना सांगताना ऐकले. ताराचंदांनी अंक फाडला नाही. त्यांनी तो दोन घड्यांत दुमडला आणि गल्ल्यावर ठेवला, म्हणजे खालचा अर्धाच भाग दिसावा. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सात कप फोडल्याचे वाचून दाखवीत. ऐकणारा साहजिकच विचारी, शेटजी, कोणते सात कप? आणि घडी उघडून वरचा भाग वाची. एक ट्रकवाला म्हणाला म्हणे, “बढिया किया शेटजी, पर रखे काहे थे?”  एकदा चारचौघांत फोडलेले कप त्यांना परत आणता येईनात. त्यांच्या हॉटेलात सगळे एकसारख्याच कपांतून चहा पितात हे पाहून शेजारच्या हॉटेलांतही कुजबूज सुरू झाली. अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा होऊन दोन वर्षे झाली होती. तो चौकापर्यंत पोहोचायला एक दुमडलेला कागद लागला.

समितीची सभा भरली. ‘चौफुली’ तूर्त स्थगित करावी, असा ठराव झाला. बापूजींनी त्यावर सही केली, आणि सही करताना त्यांचा हात बराच वेळ कागदावर थांबला होता, असे किसनराव म्हणाले. मला शाई पुसून कपाटात ठेवण्यात आले. शेजारी भाता फाटलेली बाजाची पेटी आणि जुने नकाशे. दिवाळीनंतर वार्तापत्र पुन्हा सुरू झाले, पण त्यात सणांची माहिती आणि थोरांची वचने असत. ती छापायला मला बाहेर काढीत. मी छापली. कोरलेले उतरवणे हा माझा धर्म आहे. पण त्या कामात माझे रबर कधी तापले नाही.

आता १९५९ साल आहे. शाळेत दांडा फिरवायचे नवे यंत्र आले आहे. माझ्या कातड्याला चिरा पडल्या आहेत, मूठ सैल झाली आहे, आणि मागच्या वेळची शाई कोणी पुसलीच नसल्यामुळे ती माझ्या अंगावर खपलीसारखी वाळली आहे. मित्रांनो, रूळ वापरून झाला की रॉकेलच्या फडक्याने पुसून टांगून ठेवावा. जमिनीवर टेकवून ठेवला तर एका बाजूने चपटा होतो आणि मग प्रत्येक ओळीत एक जागा कोरी सोडतो. ही माझी एक विनंती. पण चपटा रूळ बदलता येतो. तुमच्यातला जो लिहायला बसेल, त्याने मात्र कोणाच्या सोयीसाठी स्वतःला एका बाजूने चपटे होऊ देऊ नये. तारीख घाला. कुठे उभे होता ते सांगा. ज्याच्याविषयी लिहिले, त्याच्या डोळ्यांत पाहून वाचा, आणि तो जे बोलेल ते खाली छापा. मग कोणी खोलीतून बाहेर काढले, तर बाहेर उभे राहून छापा.

एक काम माझ्याकडून राहिले आहे. वार्तापत्र स्थगित झाल्यावरही कमला आणि गुलाब एप्रिलच्या अखेरीस पुन्हा चौकात गेली होती. ज्या दिवशी मला कपाटात ठेवले, त्या दिवशी कमलाने ती बातमी किसनरावांना वाचून दाखवली. मेणकागद शिल्लक होता, परवानगी नव्हती. ती बातमी छापली गेली नाही. समितीचा ठराव मुलांना बांधतो, शिक्षकांना बांधतो. कपाटातल्या रुळाला तो बांधत असल्याचे मला कोणी वाचून दाखवलेले नाही. म्हणून ती आज देतो.

जाम, मंगळवार, दिनांक ३० एप्रिल १९५७. चौकातील पाचही हॉटेलांत आम्ही स्वतः जाऊन चहा मागितला. सर्वांना एकसारख्याच कपांतून चहा देणारी हॉटेले: चार. पाहणारे: कमला रामाजी आणि गुलाब. पाचव्या हॉटेलाच्या मालकांना ही बातमी वाचून दाखवली असता त्यांनी उत्तर दिले नाही.

पाचपैकी चार.